ताप उलटला तेव्हा : फाल्सिपेरम हिवतापाच्या एका रुग्णातील औषधप्रतिरोधाचा संशय

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतील एका दवाखान्यात पावसाळ्यात हाताळले गेले. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि कामाच्या जागेचे तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम, तपासण्या आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच दिले आहेत, चुकांसकट.

रुग्ण २६ वर्षांचा, वजन ५२ किलो, मराठवाड्यातून आलेला सेंटरिंग कामगार होता. मध्य मुंबईत जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या एका बहुमजली इमारतीवर तो काम करीत होता आणि त्याच आवारातील पत्र्याच्या खोलीत सात जणांसोबत राहत होता. गेल्या दोन महिन्यांत तो मुंबईबाहेर गेलेला नव्हता. मुंबईत हिवतापाचा प्रसार प्रामुख्याने अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास करतो. त्याला गढूळ डबक्यापेक्षा गच्चीवरची उघडी टाकी, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी आणि स्लॅबच्या क्युरिंगसाठी बांध घालून अडवलेले पाणी जास्त मानवते. २०१० च्या मोठ्या साथीपासून बांधकामाच्या जागांवर विशेष लक्ष ठेवले जाते ते याचमुळे. हिवतापाच्या परजीवीच्या व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम या दोन प्रमुख जातींपैकी शहरातील बहुतेक रुग्ण व्हायव्हॅक्सचे असतात. फाल्सिपेरमचे प्रमाण त्या मानाने कमी असले तरी मेंदू, मूत्रपिंड आणि फुप्फुसे यांना धोका प्रामुख्याने त्याच्यापासून असतो.

जुलैच्या अखेरीस या तरुणाला हुडहुडी भरून ताप आला. त्याने जवळच्या एका खासगी डॉक्टरांना दाखवले, रक्त तपासले गेले आणि फाल्सिपेरम निघाल्यावर आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन या जोडऔषधाच्या सहा गोळ्यांची पट्टी त्याला मिळाली. तीन दिवसांत सहा मात्रा, प्रत्येक वेळी एक गोळी. औषध योग्य होते आणि लिहिलेली मात्राही योग्य होती. मात्र दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. गोळी दुधासोबत किंवा तेलतूप असलेल्या जेवणासोबत घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि परजीवीचा पुढचा प्रसार रोखणारी प्रायमाक्वीनची एकच मात्रा दिली गेली नव्हती.

समस्या

पहिल्या गोळीपासून एकोणिसाव्या दिवशी तो आमच्या दवाखान्यात आला. दोन दिवसांपासून पुन्हा थंडीताप, डोके ठणकणे आणि अंग मोडून आल्यासारखे वाटणे सुरू झाले होते. तो शुद्धीवर होता, बोलत होता, लघवी व्यवस्थित होत होती, कावीळ नव्हती आणि तोंडाने औषध घेऊ शकत होता, त्यामुळे गंभीर हिवतापाची कोणतीही खूण नव्हती. बोट टोचून केलेली झटपट चाचणी, म्हणजे आम्ही ज्याला नुसते ‘किट’ म्हणतो ती, फाल्सिपेरमसाठी पॉझिटिव्ह आली. बाह्यरुग्ण कागदावर माझ्या तरुण सहकाऱ्याने लिहिले : ‘औषधप्रतिरोधी मलेरिया?’

ते प्रश्नचिन्ह त्याने लिहिले हे चांगलेच झाले. जोडऔषध घेतल्यावर तीन आठवड्यांच्या आत फाल्सिपेरम उलटणे ही दुर्लक्ष करण्याजोगी घटना नाही. पण ‘औषध लागू पडत नाही’ हे वाक्य दवाखान्यात जितक्या सहज उच्चारले जाते तितके ते सिद्ध करणे सोपे नसते, आणि ते चुकीचे ठरले तर रुग्णाच्या पदरी अधिक कठीण औषधे येतात, तर जिल्ह्याच्या नोंदीत चुकीचा इशारा जातो.

पहिला निर्णयबिंदू : हे खरेच उपचाराचे अपयश होते का

आमचे किट एचआरपी-२ हे परजीवीचे प्रथिन शोधते. परजीवी मेल्यानंतरही हे प्रथिन रक्तात कित्येक दिवस, कधी महिनाभर रेंगाळते. म्हणजे पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाला एकोणिसाव्या दिवशी डेंग्यूचा किंवा साध्या विषाणूचा ताप आला, तरी हे किट पॉझिटिव्ह येऊ शकते. मुंबईच्या ऑगस्टमध्ये तापाची अशी सरमिसळ अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून किटच्या रेषेवर आम्ही उपचार ठरवला नाही आणि जाड व पातळ अशी दोन्ही रक्तपटले काढून स्लाईड पाहिली.

तंत्रज्ञाने स्लाईड लावून मला बोलावले. तेलभिंगाखाली लाल पेशींमध्ये अंगठीच्या आकाराचे कोवळे परजीवी स्पष्ट दिसत होते, काही पेशींत तर एकीत दोन. २०० पांढऱ्या पेशी मोजताना ३६ अंगठ्या सापडल्या. नेहमीच्या हिशेबाने हे प्रमाण रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे सुमारे १,४४० भरते. त्याच पटलावर केळ्यासारखे वाकलेले चार-पाच गॅमेटोसाइटही, म्हणजे डासात जाऊन पुढचा प्रसार करणाऱ्या अवस्थेतले परजीवीही, होते.

केवळ केळ्यासारखे गॅमेटोसाइट दिसले असते तर त्याला अपयश म्हणता आले नसते. आर्टिमिसिनीन गटाची औषधे, म्हणजे आर्टिमेथर, आर्टेसुनेट वगैरे, पक्व गॅमेटोसाइटना मारत नाहीत, त्यामुळे ती बऱ्या झालेल्या रुग्णातही काही काळ दिसतात. अंगठ्यांचे मात्र तसे नाही. वाढणारा परजीवी, सोबत ताप, आणि उपचाराला २८ दिवस उलटलेले नाहीत : उपचार फसला होता. तो कशामुळे फसला हे अजून कळायचे होते.

दुसरा निर्णयबिंदू : औषध रक्तात पोहोचले होते का

‘गोळ्या पूर्ण घेतल्या का?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक रुग्ण ‘हो’ म्हणतो. यानेही तसेच सांगितले. मग आरोग्यसेविकेने वेगळ्या पद्धतीने विचारले : ‘पहिली गोळी कुठे बसून घेतली? तेव्हा काय खाल्लं होतं?’ त्यावर तो आठवून सांगू लागला. पहिली गोळी रात्री, उपाशीपोटी, कारण तोंडाला चव नव्हती. दुसरी सकाळी कोऱ्या चहासोबत, हजेरीची वेळ गाठायची म्हणून. तिसरी त्या रात्री. मग त्याने खिशातून प्लॅस्टिकची घडी काढली. पेटीची किल्ली, आधारकार्डाची प्रत आणि त्यांच्यामध्ये दुमडलेली औषधाची पट्टी. तीन खळगे फोडलेले, तीन भरलेले.

‘दुसऱ्या दिवशी ताप उतरला, मॅडम. मग म्हटलं उरलेल्या ठेवाव्यात, पुन्हा आला तर होतील.’

त्याला रागावण्यासारखे यात काही नव्हते. एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, आणि पैसे मोजून घेतलेले औषध बरे वाटल्यावर जपून ठेवणे हा त्याच्या हिशेबाने शहाणपणाच होता. ताप उतरणे आणि परजीवी संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला सांगायचे काम आमच्यासारख्यांचे होते.

इथे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे, कारण अर्धवट उपचारातून प्रतिरोधाला वाट कशी मिळते हे त्यातूनच दिसते. ताप आलेल्या प्रौढ माणसाच्या रक्तात परजीवींची संख्या शंभर कोटींच्या घरात किंवा त्याच्याही वर सहज असते. फाल्सिपेरमचे लाल पेशींमधील एक आवर्तन ४८ तासांचे असते आणि आर्टिमिसिनीन गटाचे औषध प्रत्येक आवर्तनात ही संख्या साधारण दहा हजार पटींनी घटवते. तीन दिवसांच्या उपचारात दोन आवर्तने औषधाखाली येतात आणि शंभर कोटींचे जेमतेम दहा परजीवी उरतात. एकाच आवर्तनानंतर औषध थांबवले तर उरतात एक लाख. आर्टिमिसिनीन रक्तातून काही तासांतच नाहीसे होत असल्याने या उरलेल्यांचा निकाल लावण्याची जबाबदारी जोडीदार औषधावर, म्हणजे इथे ल्युमेफँट्रिनवर येते, जे रक्तात काही दिवस टिकते. पण ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थांशिवाय नीट शोषलेच जात नाही. जेवणात पुरेसे तेलतूप असेल तर ते कित्येक पटींनी अधिक शोषले जाते. आमच्या रुग्णाने निम्मी मात्रा घेतली, आणि तीही उपाशीपोटी व कोऱ्या चहावर. एक लाख परजीवींसमोर एक पातळ, उतरत जाणारी औषधाची पातळी शिल्लक राहिली.

प्रतिरोधाला अशी पातळी फार मानवते. परजीवी स्वतःच्या प्रती काढताना जनुकांत अधूनमधून चुका होतात; औषध त्या चुका घडवत नाही, निवडते. पूर्ण मात्रेत सगळेच मरतात. नगण्य मात्रेत सगळेच जगतात आणि कोणालाच फायदा मिळत नाही. मधल्या, अपुऱ्या मात्रेत मात्र ज्याच्यात औषध सोसण्याचा किंचितसा गुण आहे तोच टिकतो आणि मैदान मोकळे असल्याने वाढतो.

क्लोरोक्वीनचे असेच झाले. १९३४ मध्ये तयार झालेले हे औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात फाल्सिपेरमवर निकामी ठरू लागले, आणि १९७३ मध्ये आसामातील कार्बी आंगलाँग भागातून भारतातील पहिली नोंद झाली. परजीवी हिमोग्लोबिन पचवताना जे विषारी हीम तयार होते त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. क्लोरोक्वीन ती प्रक्रिया अडवते. पीएफसीआरटी नावाच्या प्रथिनात बदल झालेला परजीवी क्लोरोक्वीनच आपल्या पचनपोकळीबाहेर टाकतो. आर्टिमिसिनीनच्या बाबतीत वाट वेगळी आहे. त्या औषधाला क्रियाशील व्हायला हिमोग्लोबिनच्या पचनातून सुटलेले हीम लागते. केल्च-१३ या प्रथिनात बदल झालेला परजीवी अंगठीच्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतो आणि औषधाचे ते थोडे तास तग धरून काढतो. हा बदल २०१४ मध्ये कंबोडियातील नमुन्यांतून ओळखला गेला. आता रवांडा आणि युगांडातही असे परजीवी स्वतंत्रपणे निर्माण झाल्याचे सिद्ध झाले आहे.

उपचाराचे पर्याय

आमच्यासमोर चार वाटा होत्या. उरलेल्या तीन गोळ्या देऊन मोकळे होणे ही पहिली, आणि ती आम्ही लगेच बाजूला सारली, कारण पुन्हा वाढलेल्या पूर्ण संख्येसमोर पुन्हा निम्मीच मात्रा गेली असती. दुसरी वाट तेच जोडऔषध पूर्ण मात्रेत, देखरेखीखाली आणि दुधासोबत देण्याची होती. औषध फसले नसून घेणे फसले आहे हे दिसत असल्याने ती तर्काला धरून होती. पण २८ दिवसांच्या आत उलटलेल्या फाल्सिपेरमला वेगळे जोडऔषध द्यावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि प्रतिरोध नाहीच अशी खात्री त्या दिवशी आम्हाला नव्हती.

तिसरी वाट क्विनाइन आणि डॉक्सिसायक्लीनची. इथे आमची सर्वांत जास्त चर्चा झाली. सहकाऱ्याचे म्हणणे होते की संशय आहे तर आर्टिमिसिनीन गटच टाळावा. युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण क्विनाइन दिवसातून तीनदा, सात दिवस घ्यावे लागते; ते कडूजहर असते, कानात घंटा वाजतात, मळमळ होते. जो माणूस सहा गोळ्या पुऱ्या करू शकला नाही त्याच्याकडून क्विनाइनच्या एकवीस मात्रांची अपेक्षा धरणे म्हणजे दुसऱ्या अर्धवट उपचाराची तजवीज करून ठेवणे होते.

चौथी वाट आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या जोडीची. भारताच्या ईशान्य भागात ही जोडी फसू लागल्यामुळे २०१३ पासून तिथे आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन दिले जाते. महाराष्ट्रात मात्र फाल्सिपेरमसाठी अधिकृत औषध हीच जोडी आहे. तिचा आमच्यासाठी निर्णायक ठरलेला गुण असा की जोडीदार औषधाची संपूर्ण मात्रा पहिल्याच दिवशी, एकाच वेळी दिली जाते आणि तिला तेलतुपाच्या जेवणाची गरज लागत नाही. रुग्ण आमच्यासमोर असतानाच उपचाराचा दीर्घकाळ टिकणारा अर्धा भाग त्याच्या पोटात गेलेला असतो. सल्फा औषधाची अ‍ॅलर्जी नसल्याची खात्री करून आम्ही ही वाट निवडली.

प्रत्यक्ष कृती

पहिली गोळी देण्याआधी परजीवीच्या जनुकीय तपासणीसाठी फिल्टर पेपरवर रक्ताचे तीन थेंब घेतले, ते सावलीत वाळवले आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत बंद पिशवीत ठेवले. हे दोन मिनिटांचे काम आहे, पण उपचार सुरू झाल्यावर ते करून उपयोग नसतो.

त्यानंतर आर्टेसुनेटच्या ५० मिलीग्रॅमच्या चार गोळ्या आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या तीन गोळ्या त्याने आमच्यासमोर घेतल्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर मात्रा पुन्हा द्यावी लागते, म्हणून त्याला तेवढा वेळ बाकावर बसवून ठेवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचा प्रश्न खरा अवघड होता. दवाखान्यात यायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची हजेरी जाणार, आणि तो येणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आरोग्यसेविकेने मुकादमाशी फोनवर बोलून घेतले आणि दोन्ही दिवस सकाळी साडेसातला, काम सुरू होण्यापूर्वी, ती स्वतः साईटवर गेली. दुसऱ्या दिवशी आर्टेसुनेटसोबत प्रायमाक्वीनची ४५ मिलीग्रॅमची एकच मात्रा दिली. प्रायमाक्वीनने काही जणांच्या लाल पेशी फुटतात, म्हणून आधी कधी औषधाने लघवी काळसर झाली होती का, घरात कोणाला तसा त्रास आहे का, हे विचारून घेतले.

त्याच भेटींत खोलीतील आणि शेजारच्या खोलीतील कामगारांचे रक्त तपासले. त्याच्या खोलीतील एकाला व्हायव्हॅक्स निघाला आणि त्याला क्लोरोक्वीनसोबत १४ दिवसांचे प्रायमाक्वीन सुरू केले. शेजारच्या खोलीतील एकाला फाल्सिपेरम निघाला. कीटकनाशक विभागाच्या कर्मचाऱ्यांना लिफ्टच्या खड्ड्यात आणि चौथ्या मजल्यावरील क्युरिंगच्या पाण्यात अ‍ॅनोफिलीसच्या अळ्या सापडल्या.

निष्पत्ती

उपचाराला ७२ तास पूर्ण झाल्यावर काढलेल्या स्लाईडवर एकही अंगठी नव्हती, आणि तीच आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची खूण होती, कारण आर्टिमिसिनीनचा प्रभाव मंदावला असेल तर ७२ तासांनंतरही परजीवी दिसत राहतात. गॅमेटोसाइट सातव्या दिवशी तुरळक होते, चौदाव्या दिवशी नव्हते. एकविसाव्या दिवशी तो पोळ्यासाठी गावी गेला होता. आरोग्यसेविकेने फोन करून त्याला गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले आणि तिथल्या स्लाईडचा निकाल मागवून घेतला. अठ्ठाविसाव्या दिवशी तो स्वतः आला. रक्त स्वच्छ होते.

फिल्टर पेपरचा अहवाल यायला दहा आठवडे लागले. केल्च-१३ मध्ये प्रतिरोधाशी जोडलेला कोणताही बदल नव्हता. पीएफसीआरटी क्लोरोक्वीनला दाद न देणाऱ्या प्रकारचे होते. पायरिमेथामिन ज्यावर काम करते त्या डीएचएफआर जनुकात दोन बदल होते, तर सल्फाडॉक्सिनच्या लक्ष्यात एकही नव्हता. या शेवटच्या ओळीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनचा प्रतिरोध एकावर एक चढणाऱ्या बदलांनी वाढतो; दोन बदलांना हे औषध आर्टेसुनेटच्या साथीने पुरून उरते, पुढचे बदल साचत गेले की उरत नाही. ईशान्येत तेच घडले. आमच्या रुग्णातील परजीवी त्या जिन्यावर दोन पायऱ्या चढलेला होता.

पहिल्या उपचाराचे अपयश अपुऱ्या मात्रेमुळे आणि अपुऱ्या शोषणामुळे झाले, असा आमचा निष्कर्ष आहे. तो संभाव्य आहे, सिद्ध नाही. शेजारच्या खोलीत फाल्सिपेरम होता, आवारात अळ्या होत्या आणि ल्युमेफँट्रिनचे संरक्षण तोकडे होते. पहिल्या काही दिवसांत नवा डास चावून नवा संसर्ग झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. जुना परजीवी आणि नवा परजीवी यांतला फरक पहिल्या व दुसऱ्या वेळच्या रक्तातील जनुकीय खुणा ताडून कळतो. त्यासाठी पहिल्या वेळचे रक्त हवे.

काय वेगळे करता आले असते

ते रक्त मिळू शकले असते. रंगवलेल्या जुन्या स्लाईडवरूनही जनुकीय तपासणी करता येते. आम्ही खासगी प्रयोगशाळेला फोन केला तो रुग्ण आल्यावर चौथ्या दिवशी. स्लाईड त्याच आठवड्यात टाकून दिली गेली होती. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर ती मिळाली असती की नाही हे सांगता येत नाही, पण तो फोन पहिल्या दिवशी करायला हवा होता. ही चूक सर्वस्वी आमची.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे, कारण तिचा परिणाम एका रुग्णापुरता नाही. प्रायमाक्वीनशिवाय गेलेल्या त्या तीन आठवड्यांतील शेवटचे काही दिवस तरी हा तरुण गॅमेटोसाइट अंगात बाळगून, डासांच्या अळ्या असलेल्या इमारतीच्या आवारात राहत होता. अपुऱ्या औषधातून तगलेला परजीवी एका शरीरात संपला तर नुकसान त्या माणसाचे होते. तोच डासाच्या पोटात गेला की त्याचे गुण दुसऱ्याच्या रक्तात उतरतात, आणि दोन वेगळ्या परजीवींचे संकरही डासातच होतात. शेजारच्या खोलीतील रुग्णाचा नमुनाही आम्ही फिल्टर पेपरवर घ्यायला हवा होता. तो घेतला नाही, त्यामुळे दोघांचा परजीवी एकच होता का हे आता कधीच कळणार नाही.

खासगी डॉक्टरांना आम्ही नंतर भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गर्दीच्या वेळी ‘जेवणानंतर’ एवढेच सांगितले जाते हे मान्य केले. त्यांच्या टेबलासाठी आम्ही मराठीत आणि हिंदीत एक चिठ्ठी तयार करून दिली : सहा खळग्यांचे चित्र, प्रत्येकाखाली वेळ आणि दुधाचा पेला. तिचा उपयोग होतो असे ते सांगतात.

मलावीमध्ये क्लोरोक्वीन १९९३ मध्ये थांबवल्यावर काही वर्षांत प्रतिरोधी परजीवी जवळजवळ नाहीसे झाले आणि जुना, औषधाला दाद देणारा प्रकार परत आला. आर्टिमिसिनीनबाबत इतकी वर्षे थांबण्याची चैन कोणालाही परवडणारी नाही, कारण त्याची जागा घेईल असे दुसरे औषध आज दवाखान्याच्या कपाटात नाही. म्हणून आता आमच्या रक्ततपासणीच्या टेबलावर फिल्टर पेपरचा गठ्ठा किटच्या खोक्याशेजारीच ठेवलेला असतो, आणि २८ दिवसांच्या आत ताप उलटलेल्या प्रत्येक फाल्सिपेरम रुग्णाला पहिला प्रश्न विचारला जातो तो गोळ्यांच्या पट्टीचा : ‘सोबत आणली आहे का? दाखवा.’